विजूताईंनी दत्ताला शोधलं ती दुपार

विजूताई गेल्या.

माझी बायको आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे.

त्या दुपारी काय झालं, ते मी आजवर फक्त बायकोला आणि खुद्द विजूताईंना सांगितलंय.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षातला उन्हाळा. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून राणीसावरगावहून जीप करून तिला परभणीच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. पण रक्त थांबेना.

डॉक्टर म्हणाले, "ओ निगेटिव्ह लागेल. लवकर."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत रक्तदात्यांच्या मंडळाचा कॉम्प्युटर होता. विजूताई तो चालवायच्या. त्यांनी रक्तगट टाकला, एकच नाव आलं.

दत्ता कदम.

गाव दुसऱ्या फाइलमध्ये. तिथं हेच नाव टाकलं तर स्क्रीनवर 'नॉट फाउंड'.

"म्हंजे असा माणूसच न्हाई?"

"माणूस आहे हो. तिथं नाव वेगळ्या तऱ्हेनं टाइप झालंय. एक टिंब जास्त पडलं तरी मशीनला तो दुसराच कुणी वाटतो."

त्या प्रोग्राम बदलायला बसल्या. दोन्हीकडची नावं आधी एका साच्यात आणायची, मग जुळवायची. टिंबं काढा. मोकळ्या जागा काढा. सगळी अक्षरं कॅपिटल, आडनाव आधी. आणि दत्ता, दत्तात्रय, जे काही असेल त्याचा एकच दत्ता.

टाइप करता करता त्या मोठ्यानं बोलत होत्या.

"दत्तात्रय कदम... कदम दत्तात्रय... कदम दत्ता..."

मधेच थांबल्या. मग अगदी हळू, लाडानं म्हणाल्या, "दत्तू."

बाहेर रणरणतं ऊन, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा.

स्क्रीनवर ओळ आली. कदम दत्तात्रय. मधे दोन टिंबं. गाव झरी.

मी जीप घेऊन सुटलो. गावात फोन नव्हता, निरोप जायची सोयच नव्हती.

झरीत शिरताना रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा. धुतलेला सदरा, पायात वहाणा. त्यानं हात केला.

"परभनीहून आलात ना? मीच दत्ता कदम. चला."

"तुमाला कुणी सांगितलं?"

तो आत बसला.

"मगापासून परभनीच्या बाजूनं कोनतरी बाई हाका मारायलीय. आधी पुरं नाव घेऊन. मंग उलटं, आडनाव आधी. मला वाटलं ऊन लागलं. मंग म्हनली, दत्तू."

तो बाहेर बघत राहिला.

"दत्तू मला फकस्त माय म्हनायची. तिला जाऊन लय वरसं झाली."

त्यानं रक्त दिलं. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचली.

मी विजूताईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दत्तू म्हणाला? नक्की?"

"व्हय."

"ते नाव कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. माझ्या तोंडून का आलं, मलाच कळत नाहीये."

पुढं कितीतरी वर्षं त्या तिथंच होत्या. कितीतरी लोकांना रक्त मिळालं. पण टाइप करताना ओठ घट्ट मिटलेले असायचे.

आज परभणीत त्यांना निरोप दिला. दोघं घरी आलो तर बायको दारातच थांबली. मी तिला आत ये म्हटलं.

म्हणाली, "थांबा जरा. लगेच पाठ नको फिरवायला. त्यांना नीट जाऊ द्या."

आम्ही दोघं परभणीकडं तोंड करून तसेच उभे राहिलो.

विजूताई, सुखानं जा. आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला नमस्कार.