वणीच्या पायऱ्यांवरची खरी हकीकत

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळत आलो. सत्संगात सांगायचो, पण अर्धीच: देवीने मला वाचवलं, एवढी. ते खरंच आहे. उरलेली अर्धी आज लिहितो.

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून मला रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली होती. इंदिरानगरच्या घरी पत्नी ती रोज संध्याकाळी माझ्या हातावर ठेवायची. विचारल्याशिवाय दुसरं औषध घ्यायचं नाही, दुखण्याची गोळी तर नाहीच, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं होतं. पण चैत्रात सप्तशृंगीच्या पायऱ्या चढण्याचा माझा नवस होता आणि गुडघे साथ देईनात. रोपवेने गेलो तर नवस कसला? मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि पत्नीच्या नकळत घेत राहिलो. गुडघे हलके झाले. देवी पावली, असं तिला म्हणालोही.

पत्नी रोपवेने वर गेली. मला मात्र निम्म्या पायऱ्यांवर अंधारी आली. मालेगावकडची एक बाई पिशवी उतरवून जवळ बसली. माझ्या हातावरचे काळेनिळे डाग पाहून तिने विचारलं, "बाबा, रगत पातळ करानी गोयी चालू शे का तुमनी?" तिच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. शौचाला काळं होतं का, हेही तिने न लाजता विचारलं. होत होतं. मी हट्टाने उठू लागलो, तेव्हा देवी कुठं पळून जात नाही म्हणून दटावलं. तिच्यासोबतच्या माणसांनी मला उतरवून दवाखान्यात पोचवलं. तिचं नाव विचारायचंही राहिलं.

पोटात रक्तस्राव होत होता. मागून धावत आलेल्या पत्नीसमोर डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेत होता? मी म्हणालो, "गोळ्या हीच देते." ती पांढरीफटक पडली. ती बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना खरं सांगितलं आणि तिला कळू देऊ नका म्हणून विनवलं. पुढे दुखण्याची गोळी कायमची बंद झाली, रक्ताची त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाली.

पत्नी मात्र त्यानंतर प्रत्येक गोळी आधी सुनेला दाखवायची, मग मला द्यायची. आपल्या हातून चूक झाली म्हणून दर मंगळवारी देवघरात बसून देवीची क्षमा मागायची. मी शेजारीच हात जोडून बसलेला असायचो. त्या अनोळखी बाईच्या रूपाने देवीच भेटली आणि तिचं ऐकून मी शरण गेलो, असं लोकांना सांगत होतो. खऱ्या अर्थाने शरण जायचं होतं ते तिथे, त्या देवघरात.

गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी ती अंथरुणाला खिळलेली असताना एका दुपारी धीर करून म्हणालो, "अगं, गडावरच्या वेळच्या त्या गोळ्यांचं तुला सांगायचंय."

ती दचकून उठू लागली. "परत काही चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही. पडून राहा तू."