लाटेची वहिवाट

"लाट हितं थांबली पायजे," आबा म्हणाले आणि त्यांनी हॉलच्या भिंतीवर तळहात ठेवला. "हिच्या पलीकडं आमचं काय जात न्हाय. लाट बी जायाची न्हाय."

मी हातातला राउटर टीपॉयवर ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. भिंत नवी होती. बाकीच्या हॉलला जुना पिवळा रंग, हिला नुसता चुना.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर होतो. इंजिनिअर हे दुकानाच्या कार्डावर. खरं शिक्षण बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. कोडोलीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईनं ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. त्यामुळे असेल, पण ग्राहकानं विचारलेला कुठलाही प्रश्न मी अगदी मनापासून घ्यायचो. ज्या शिक्षणानं आम्हाला दुसऱ्यांच्या बांधावरून उचलून खुर्चीत बसवलं, त्याचा अपमान होऊ नये असं वाटायचं.

म्हणून मी आबांना नीट समजावलं. फोनच्या तारेतून इंटरनेट घरात येतं. राउटर ते हवेत सोडतो. ट्रान्झिस्टरला आकाशवाणी जशी वायरीशिवाय लागते, तसं लॅपटॉपला हे लागतं. लहर चारी दिशांना जाते. विटांच्या भिंतीतून ती आरपार जाते, थोडी अशक्त होऊन.

"म्हंजे बापूच्यात जाणार."

"जाईल. पण पासवर्ड आहे साहेब. आपल्या दाराला कुलूप असतं तसं. त्यांना वापरता येणार नाही."

"वापरता येणार न्हाय. पण जाणार."

"हो."

"मग कुलपाचा काय उपेग? आमचं जनावर त्याच्या रानात शिरल्यावर दावं आमच्या हातात असून काय करायचं?"

हे अभ्यासक्रमात नव्हतं.

गडमुडशिंगीतला हा बंगला आबा आणि बापू या दोन भावांनी मिळून बांधला होता आणि मिळूनच फोडला होता. आबांचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पत्र्याच्या कामाचा कारखाना. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल आमच्या दुकानाकडे. त्यामुळे निघताना मालकांनी बजावलं होतं, "आबा म्हणतील ते करून ये. नाही हा शब्द वापरू नकोस."

राउटर बसवायचं कारण मोठं होतं. आबांचा एकुलता मुलगा अभिजित जर्मनीत होता. त्याला मुलगा झाला होता. येत्या रविवारी आपल्या वेळेनं दुपारी चारला तिकडे बारसं. आजी म्हणजे काकींनी नातवाला बघायचं ते कॅमेऱ्यावरच, कारण खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी महिनाभर हलवायचं नाही असं सांगितलं होतं. अभिजितनं लॅपटॉप पाठवला होता. आता त्यात नातू दिसायला हवा होता.

"आडनाव काय तुमचं?" राउटर सुरू होत असताना आबांनी विचारलं.

"कांबळे. कोडोलीचा."

"बरं बरं," ते म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले. त्या दिवशी भिंत जास्त महत्त्वाची होती.

राउटर कुठे ठेवायचा हे त्यांनीच ठरवलं. शोकेसमध्ये, कारखान्याला मिळालेल्या ढाली आणि चांदीच्या गणपतीच्या मधोमध. आल्यागेल्याला दिसला पाहिजे. लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन त्यांनी मला ओरडून सांगितलं, "आलं की चित्र!" मी सही घेतली आणि निघालो. मागची खोली मी पाहिलीच नाही.

दोन दिवसांनी फोन.

"पावणं, मागं लाट येत न्हाय. अभिजितचं तोंड उघडतंय आणि तसंच ऱ्हातंय."

मी गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कारण दिसलं. चुन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत पत्रा ठोकला होता. कारखान्यातला, जाड, कडा वळवून, रिबिट मारून. काम सुरेख होतं.

"आता जाते का बघा बापूच्यात," आबा म्हणाले.

"जात नसेल," मी म्हणालो. हे खरं होतं. लहर लोखंडाला घाबरते. पत्र्यावर आपटून ती माघारी फिरते. "पण साहेब, मागची खोली कुठल्या बाजूला?"

ते मला घेऊन निघाले. दारात चप्पल घातली. घराला बाहेरून वळसा घालून, बोळातून, पाण्याच्या टाकीशेजारून आम्ही मागच्या दारानं काकींच्या खोलीत शिरलो. स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या खोलीत जायला माणसाला चप्पल घालावी लागते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

झालं असं होतं. वाटणीच्या वेळी पंचांनी खोल्या मोजल्या आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीला नकाशा कळत नाही. आबांना पुढचा हॉल आला, मागची खोली आली. मधली जेवणाची खोली बापूंना. कोणी अदलाबदल करून घेतली नाही, कारण आधी विचारेल तो नमला.

मी माझ्या पॅडवर तीन चौकोन काढले. पहिल्या चौकोनातून तिसऱ्यात सरळ रेघ ओढली. ती मधल्या चौकोनातून गेली.

"साहेब, पहिले दोन दिवस चित्र येत होतं ते असं येत होतं. हॉलमधून बापूंच्या जेवणाच्या खोलीतून काकींच्याकडे. आता पत्र्यानं वाट बंद झाली."

आबांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजे आमची लाट त्याच्या ताटावरनं येत हुती."

"तसं म्हणता येईल. पत्रा काढला तर..."

"पत्रा काढला तर गाव काय म्हणंल? आबानं पत्रा मारला आणि काढला. आणि एकदा त्याच्या खोलीतनं लाट न्ह्यायची म्हटली, की तो म्हणणार वहिवाट माझ्या मेहरबानीनं हाय. उद्या कोर्टात हेच वाचून दाखवंल."

"मग बोळातून वायर टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे. चित्र एकदम स्वच्छ येईल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"वायरलेस आणलंय न्हवं?"

"हो."

"त्याला वायर लावायची?"

अंथरुणावरून काकी म्हणाल्या, "लावा की वायर. माझं पोर दिसल्याशी कारण."

"तू गप. वायर बघून बापूची मानसं हसतील."

"हसूदेत. मी रडतोय त्ये कुणाला दिसंना." कोल्हापुरात बायकाही रागावल्या की पुरुषासारखं बोलतात.

मी दुकानात येऊन मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं आलास. उद्या परत गडमुडशिंगीला जा. नवीन राउटर."

"कुणाकडे?"

"बापूंकडे. त्यांना पत्रा ठोकल्याचा आवाज गेला म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. बापू आबांपेक्षा बारीक, पण आवाज तोच.

"थोरल्याच्या मशीनला शिंगं किती?"

शिंगं म्हणजे अँटेना. "एक," मी म्हणालो.

"आमास्नी दोन शिंगाचं द्या."

त्यांनीही पासवर्ड, लहर, कुलूप हे सगळं ऐकून घेतलं. पण त्यांची अट उलटी होती. "त्यानं पत्रा मारला न्हवं? त्यातनं आरपार गेलं पायजे. आणि कुलूप घाला. जायाचं, पण द्यायचं न्हाय." बापूंच्या घरात फोन जेवणाच्या खोलीत होता, त्यामुळे राउटरही तिथेच बसला. फ्रिजवर. बापूंची मुलगी प्राजक्ता कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पासवर्ड तिनंच टाकला.

"बसा, च्या घ्या," बापू म्हणाले. "तुमी आमच्या भावकीतलं न्हाय, म्हणून तुमचं ऐकतो. भावकीतला असता तर दारात उभा केला नसता."

आयुष्यात पहिल्यांदा माझं आडनाव एखाद्या घरात पात्रता ठरलं.

चहा घेताना माझं लक्ष गेलं. हॉलच्या बाजूची भिंत पत्र्याची. पण काकींच्या खोलीकडची भिंत साधी विटांची. तिकडे आबांनी पत्रा मारलाच नव्हता, कारण तिकडून आबांची लाट बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. तिकडे लाटच पोचत नव्हती. आणि त्या विटांच्या पलीकडे, फ्रिजपासून चार पावलांवर, काकींची खाट.

मी चहा संपवून उठलो. फाटकापर्यंत पोचवायला प्राजक्ता आली. ती म्हणाली, "दादा, काकींच्या खोलीत आमच्या राउटरची रेंज फुल्ल येत असणार न्हाय?"

"येत असणार."

"मग झालं की. काकींच्या लॅपटॉपात आमचा पासवर्ड मी टाकते." तिनं मागं वळून घराकडे पाहिलं. "अभिदादाला सख्खी बहीण न्हाय. आत्या मीच. नाव मीच सांगायचं. अभिदादानं काल फोनवर सांगितलंय, तू नसलीस तर बारसं नको. पण तुमी एक करा. रविवारी चारला आमच्यात या आणि पप्पांच्याजवळ बसा."

"कशाला?"

"पप्पांना सवय हाय. घरात कुणी नसताना दिवा चालू दिसला की बटण बंद करतात. टीव्हीचा तांबडा ठिपकाबी सोसत न्हाय त्यांना. बारशात मधीच बंद केलं म्हंजे?"

रविवार माझ्या सुट्टीचा. तरी मी गेलो. आधी आबांकडे डोकावलो. ते सदऱ्याला इस्त्री करून बसले होते. शोकेसमधला राउटर पुसून ठेवला होता.

"आज येणार न्हवं लाट?"

"येईल साहेब. मी पलीकडे बसून लक्ष ठेवतो."

"त्याच्यात बसून?"

"सिग्नल कुठे अडतो ते तिथूनच कळतं." हे खोटं नव्हतं.

चार वाजता मी बापूंच्या जेवणाच्या टेबलाशी होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. बापू शेंगा फोडत होते. फ्रिजवरचे हिरवे दिवे शांत होते. मग एक दिवा लुकलुकायला लागला. सावकाश, मग जोरात. कोणीतरी काहीतरी मागतंय आणि राउटर देतोय, एवढाच त्या दिव्याचा अर्थ.

बापूंचं लक्ष गेलं.

"घरात कोण न्हाय. मग हे काय खातंय?"

"आपोआप होतं अधूनमधून," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

"आपोआप?" ते उठले. "आपोआप बिल बी येतंय." त्यांनी फ्रिजमागच्या बटणाकडे हात नेला.

विटांच्या पलीकडून बोलणं येऊ लागलं. आधी काकींचं हसू, आणि ते हसू मध्येच बदललं. मग आबांचा आवाज, "ए, ही हितं कशी?" मग लॅपटॉपमधून, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा, अभिजितचा आवाज: "आबा, राहूदे. प्राजू, मी कॉम्प्युटर त्याच्या कानाजवळ धरतो. सांग नाव."

बापूंचा हात बटणावर होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडेही नाही. फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या केळ्याच्या मॅग्नेटकडे बघत होते.

प्राजक्ता हळू बोलली. नाव मला कळलं नाही. मग "कुर्रर्र" तेवढं आलं.

"अर्णव," बापू म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं.

त्यांनी हात काढून घेतला, परत येऊन बसले आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. दिवा लुकलुकत राहिला. काही वेळानं ते म्हणाले, "इंजिनिअर, ही आमचीच लाट न्हवं?"

"हो."

"त्याच्या पत्र्यातनं गेली?"

विटांतून गेली होती. पत्र्याचा काही संबंध नव्हता. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मालकांचं 'नाही हा शब्द वापरू नकोस' आठवलं.

"दोन शिंगाचं मशीन आहे," मी म्हणालो.

बापूंनी समाधानानं शेंग फोडली.

सोमवारी आबा स्वतः दुकानात आले. मालकांना म्हणाले, "मानूस हुशार हाय तुमचा. पत्रा हाय तसा ठेवला, त्याच्या घरातनं वाट घेतली न्हाय, आणि चित्र आरशागत." देखभालीचं काम त्यांनी पुढे चालू ठेवलं. प्राजक्ताबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की पोरगी बोळातनं आली होती आणि बोळ आपला आहे.

पुढे काकी चालायला लागल्या. तरी रोज दुपारी लॅपटॉप मागच्या खोलीतच उघडायच्या. दर तीन महिन्यांनी मी गडमुडशिंगीला जायचो. आधी आबांच्या हॉलमध्ये. शोकेस उघडून राउटर पुसायचा, दिवे बघायचे आणि म्हणायचं, "उत्तम चाललाय." तो खरोखर उत्तम होता. त्याला काही कामच नव्हतं. मग पलीकडे जाऊन बापूंच्या राउटरची चौकशी करायची. तो दुपारच्या वेळी चांगलाच तापलेला असायचा. बापूंनी त्याच्यावर टेबलफॅन लावला होता.

तेव्हापासून कुठेही राउटर बसवायला गेलो, की मी आधी सगळं घर फिरून बघतो आणि घर कुणाकुणाचं आहे ते विचारतो. राउटर कुठे ठेवायचा ते नंतर. कॉलेजात आम्हाला बिघाड शोधायला शिकवलं, त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे. कुठला बिघाड दुरुस्त न करता सोडून द्यायचा, ते मला बापूंच्या टेबलाशी शेंगा खाताना कळलं.