खळ घातलेले टॉवेल

भाताच्या खळीचा वास आला की डोंबिवलीतली ती सकाळ आठवते आणि मला हसू आवरत नाही. नवी गाडी आलेली, तिच्यासाठी मी मायक्रोफायबरचे सहा मऊ टॉवेल आणलेले. गार पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळवायचे, एवढंच त्यांचं पथ्य. आमच्याकडे राहायला आलेले सासरे, खोपट डेपोतून निवृत्त झालेले एसटी ड्रायव्हर, जावयासाठी काहीतरी करायला आसुसलेले होते. त्यांनी ते टॉवेल आपल्या जुन्या खाकी वर्दीसारखे उकळले, खळ घालून कडक इस्त्री केली आणि पापडांची चळत धरावी तसे माझ्यापुढे धरले. "बघा जावईबापू, कशी घडी बसलीय." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवेना. "वा बाबा, एक नंबर," मी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा गरजलो आणि गाडीची ओली काच पुसायला लागलो. पाणी टिपलं जाईना, नुसतं इकडून तिकडे पळत होतं, आणि माझं कौतुक काही थांबेना. सासऱ्यांनी शांतपणे माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला. "वाया गेले ना? खोटं बोलताना तुम्ही फार मोठ्याने बोलता," ते म्हणाले आणि खांद्यावरच्या पंच्याने स्वतःच काच पुसू लागले. आता त्यांच्या कुठल्याही कामाचं कौतुक करायचं झालं, तर मी ते हळू आवाजात करतो.