मेट्रनबाईंची सुकेळी

आमच्या मेट्रनबाईंना कुणाची खरडपट्टी काढायची असली की त्या आधी सुकेळं खायला द्यायच्या. गिरीज गावच्या त्यांच्या वाडीतली केळी, उन्हात वाळवून मधासारखी झालेली. त्यांची पुडी टेबलाच्या खणात कायम असायची. ‘‘बस. खा,’’ म्हणायच्या. सुकेळं दाताला चिकटतं, पटकन गिळता येत नाही. आपण चघळत असताना त्या शांतपणे आपली चूक सांगायच्या आणि आपल्याला उलट बोलता यायचं नाही. तोंड मोकळं होईपर्यंत त्यांचं म्हणणं पटलेलं असायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी वसईच्या त्या तीस खाटांच्या इस्पितळात नर्स म्हणून लागले. माझं शिक्षण मुंबईला झालेलं. तिथे मेट्रनच्या पावलांचा आवाज आला की आम्ही मुली दिसेल त्या पडद्याआड व्हायचो. इथेही पहिल्याच दिवशी मी सवयीने चादरींच्या खोलीत शिरले. मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘‘चादरी मोजतेस का गो, सुमन?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बाहेर ये. माणसं तिकडे आहेत.’’

त्या कधी आवाज चढवत नसत. राग आला की उलट तो खाली जायचा. आमच्या कमळाआयाचा आवाज रस्त्यापर्यंत पोचणारा. पण मेट्रनबाई काय म्हणतात ते ऐकण्यासाठी तिला आपलं तोंड बंद ठेवावं लागे. वर्षभरात कमळासुद्धा हळू बोलू लागली. मग आम्ही सगळ्याच. ‘शांतता राखा’ची पाटी कुठेच नव्हती, तरी विरारहून घोळक्याने आलेले नातेवाईक दारातच कुजबुजायला लागायचे.

ड्युटीचा तक्ता त्या पेन्सिलने लिहायच्या आणि दोन दिवस खोडरबरासकट भिंतीवर टांगून ठेवायच्या. माझ्या पहिल्या नाताळात दिवसपाळीला त्यांनी स्वतःचंच नाव घातलं. आमची फिलोमिना चर्चमध्ये गायची, तिला त्यांनी सुट्टी दिली होती. ‘‘माझी मुलं मोठी झाली, मला कसली घाई,’’ म्हणाल्या. कमळा आणि मी ते नाव खोडून आमची दोघींची घातली. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. ‘‘हे अक्षर माझं नाही,’’ एवढंच म्हणाल्या आणि नाताळला घरी राहिल्या. पुढच्या गणपतीत माझं नाव फिलोमिनाने खोडलेलं होतं.

एका दुपारी माझ्या हातून मोठी चूक झाली. वॉर्डात दोन लक्ष्मीबाई होत्या. एकीला रक्तदाबाची गोळी द्यायची होती. ती मी दुसरीला दिली, तापातून उठलेल्या, आधीच रक्तदाब कमी असलेल्या बाईला. ‘‘बाय, मना ही नवी गोली कसली?’’ असं तिने विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहावं, असं क्षणभर मनात आलं. मग मी धावत मेट्रनबाईंकडे गेले.

त्यांनी खण उघडला नाही. ‘‘किती वाजता दिलीस?’’ विचारलं आणि निघाल्या. डॉक्टरांना बोलावलं, लक्ष्मीबाईंचे पाय उशीवर उंच ठेवले. दर दहा मिनिटांनी त्या रक्तदाब बघायला लावत आणि आकडा मीच मोठ्याने सांगायचा. एकदा तो इतका खाली आला की माझ्या तोंडून शब्द फुटेना. ‘‘सांग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नंतर रड.’’ डॉक्टरांनी सलाईन लावलं. पाचच्या सुमाराला लक्ष्मीबाईंनी चहा मागितला.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. भर वॉर्डात त्यांनी माझी अक्कल काढायला सुरुवात केली. मेट्रनबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज खाली गेला. ‘‘डॉक्टर, ही आपणहून सांगत आली. आज तुम्ही तिला इथे बोललात, तर उद्या दुसरी कुणी सांगणार नाही. बोलायचं ते माझ्या खोलीत, आणि आधी मला. वॉर्ड माझा आहे.’’ डॉक्टर थांबले. त्या लक्ष्मीबाईंना मात्र मेट्रनबाईंनी मला स्वतः सगळं सांगायला लावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘आता बघून दे गो.’’

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाटेवर नावापुढे गावाचंही नाव लागलं. गोळी हातावर ठेवण्याआधी दोन्ही विचारायची. त्यानंतर आमच्या चुका कमी झाल्या की नाही ठाऊक नाही. कळू मात्र सगळ्या लागल्या.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. नव्या मेट्रनना सोबत घेऊन त्या वॉर्डभर फिरल्या. औषधांचं कपाट, किल्ल्या हे सगळं कारकुनावर सोपवून त्या एकेका माणसाची ओळख करून देत होत्या. ‘‘कमळा. हिला काम सांगा, कसं करायचं ते सांगू नका.’’ ‘‘फिलोमिना. दमली की गाणं बंद होतं, तेव्हा तिला घरी पाठवा.’’ मी पलीकडे जखमेची पट्टी बदलत होते. त्यांना वाटलं असावं, मला ऐकू येत नाही.

‘‘ही सुमन. सकाळपाळीला दहा मिनिटं उशिरा येते, मागच्या दाराने. आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिचं सगळं आवरून येते. तिने कधी सांगितलं नाही. तुम्हीही विचारू नका. तेवढी दहा मिनिटं मी वॉर्डात उभी राहत असे.’’

नव्या मेट्रनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘बरं. मी राहीन.’’