गुडघ्याचं इंजेक्शन आणि माझं इष्टलिंग

बाळीवेशीतून भाजी घेऊन येताना पाय मुरगळला आणि गुडघ्यातली गादी फाटली. तेव्हापासून मांडी घालून बसणं संपलं. आम्हा लिंगायतांच्या घरात इष्टलिंगाची पूजा मांडी घालून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन करायची. मी खुर्चीत बसून करू लागले, पण मन लागेना. देवापुढे खुर्ची टाकून बसणारी मी कोण, असं वाटून रोज डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडातला मगज सुईने काढू, यंत्रात घुसळू आणि गुडघ्यात सोडू. गुण येईलच असं मात्र सांगत नाही. माझंच काढून मलाच द्यायचं, ही कसली उसनवारी, म्हणून मी हसले. तरी आशा लागलीच.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सगळं अडलं. गळ्यात काही चालणार नाही, असा तिथला नियम. दीक्षा झाल्यापासून डबीत घालून गळ्यात बांधलेलं लिंग मी कधी अंगावेगळं केलेलं नाही. आमच्यात ते माणसाबरोबर मातीत जातं. मी हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नाही. सुनेला म्हणाले, "चल गं घरी. लंगडी तर लंगडी, मी नाही काढणार." ती बिचारी रडवेली झाली.

तेवढ्यात आतून भुलीच्या डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. आमच्यातल्या नव्हत्या, पण बोलणं सोलापूरचंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अव्वा, पूजेला कुठं धरता?"

मी डावा तळहात पुढे केला.

"मग हातातच राहू द्या की. सुई तर कमरेत टोचायची हाय."

डबी आणि दोरा सुनेकडे दिला. लिंग मुठीत घेऊन मी पालथी झोपले. जागा बधिर केली होती, तरी मगज ओढताना हाडाच्या आतून अशी कळ आली की देवाचं नाव घ्यायचंही भान राहिलं नाही. हात कधी सैल पडला ते कळलंच नाही. कळ ओसरल्यावर लिंगाची आठवण झाली. मान वळवून पाहिलं, तर माझ्या तळहाताखाली त्या बाईंचा तळहात होता आणि माझी बोटं त्यांनी लिंगावर अलगद मिटवून धरली होती.

आता गुडघा बराच हलका झालाय. मांडी अजून जमत नाही, कदाचित जमणारही नाही. पूजा खुर्चीतच करते आणि आधी त्या पोरीचं भलं मागते. इतकी वर्षं मला वाटायचं, देवाला मीच सांभाळते. त्या दिवशी माझ्या हातून सगळं सुटलं, आणि काहीच पडलं नाही.