किल्लीला दात असतात

आयर्लंडमध्ये हिवाळी टायर कुणी लावत नाही. मी लावले.

इथला हिवाळा म्हणजे पाच महिन्यांची पिरपिर. पाऊस पडतो, वारा सुटतो, छत्री उलटी होते आणि त्या उलट्या छत्रीखाली उभा राहून शेजारी म्हणतो, "ग्रँड डे!" बर्फ पडतो तो फक्त नाताळच्या शुभेच्छापत्रांवर. अशा देशात खास बर्फासाठी बनवलेले, खोल खाचांचे चार टायर विकत घेणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर मला आता पाठ झाली आहे.

पण मला कारण होतं. दोन हजार अठराच्या मार्चमध्ये इथे खरोखरचा, गुडघाभर बर्फ पडला. दुकानांतला पाव संपला, शाळा बंद झाल्या, आणि माझी बायको मेघना, जी आमच्या नावन गावच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर आहे, तिला सकाळी आठला कामावर हजर व्हायचं होतं. "मी सोडतो ना!" असं म्हणून मी आमची छोटी गाडी बाहेर काढली. ती तीन फूट गेली आणि आडवी झाली. मी केराच्या सुपलीनं बर्फ उपसत होतो (फावडं कुठून असणार हो फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाकडे?), तेवढ्यात मागच्या शेतावरचा डेक्लन ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं मेघनाला हात देऊन वर घेतलं आणि निघाला. सगळी कॉलनी खिडक्यांत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, सुपली हातात धरून.

तेव्हापासून आकाशात जरा ढग आला की मेघना गोड आवाजात विचारायची, "नंदू, डेक्लनला फोन करून ठेवू का?"

म्हणून मी त्या वर्षी दसऱ्याला नवीन एसयूव्ही घेतली. उंच, काळी, चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी! माझी आई तेव्हा कराडहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिनं दारात गाडीची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, चारी चाकांखाली लिंबं. समोरची बाई कुत्रं फिरवता फिरवता थांबली आणि तिनं मेघनाला हळूच विचारलं, की लिंबांनी टायर मऊ होतात का. आईची तक्रार एकच होती. तिनं सामानातून देव आणले, समई आणली, अडुळशाचा काढासुद्धा आणला, पण अगरबत्तीचं घर कराडलाच राहिलं. त्यामुळे आमच्या देवघरात अगरबत्ती बटाट्यात खोचलेली असायची. "देवाला बटाट्याचा वास येतुय," असं ती रोज म्हणायची.

नोव्हेंबरअखेर माझे चार टायर घरी आले आणि ट्रकवाला ते बैठकीच्या खोलीत रचून गेला. आईनं त्यांनाही कुंकू लावलं. पुढच्या सोमवारी हवामानवाल्यांनी जाहीर केलं की रविवारी पहाटे बर्फ पडण्याची शक्यता आहे. रविवारी आठला मेघनाची ड्यूटी! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बुधवारी मी टायर मागे भरले आणि गावातल्या टायरवाल्याकडे गेलो.

"विंटर टायर्स? इन नावन?" तो लालबुंद कानांचा धिप्पाड माणूस म्हणाला. मग आत वळून ओरडला, "लॅड्स, हा गडी उत्तर ध्रुवावर निघालाय!" दोन लॅड्स, म्हणजे त्याच्या हाताखालची पोरं, बघायला बाहेर आले. मी हसून घेतलं. (बर्फात कळेल म्हणावं.)

"लॉकिंग नटची की दे," तो म्हणाला.

प्रत्येक चाकाला चार साधे नट असतात आणि एक नट चोरांसाठी, म्हणजे चोरांनी चाक नेऊ नये म्हणून. तो फक्त त्याच्या स्वतःच्या की-नंच निघतो. ही माहिती मला नव्यानं मिळत होती असं मी दाखवलं नाही. मी पुढचा कप्पा उघडला. मागची डिकी उघडली. सुटं चाक बाहेर काढलं. सीटखाली हात घातला तर मुलीची, रेवाची, हरवलेली बासरी सापडली. की मात्र नाही.

"शनिवारी बाराला ये, घेऊन ये," तो म्हणाला. "नाहीतर नट फोडावे लागतील, आणि मग चाकावर ओरखडे आले तर मला बोलायचं नाही."

नव्या गाडीवर ओरखडे! मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "आम्ही तुमच्या हातात दिली होती, सर. दुसरी मागवायची तर दोन आठवडे लागतील."

घरी येऊन मी सगळ्यांना बैठकीत उभं केलं. "गाडीची एक किल्ली हरवली आहे. कुणी पाहिली का?"

"कसली किल्ली?" मेघना म्हणाली. "दोन्ही तर खुंटीला आहेत."

"ती नाही, चाकाची!"

"चाकाला किल्ली?" आई म्हणाली. "चाकाला कुलूप असतंय व्हय इकडं?"

"हो आई. छोटी किल्ली आहे. तू पाहिलीस?"

"न्हाई बाबा. किल्ली काय मी बघितली न्हाई. बघितली असती तर दिली नसती?"

शोध सुरू झाला. "रेवा, हॉट प्रेसमध्ये बघ," मी म्हणालो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारी टॉवेल ठेवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. हे आईला कुठून ठाऊक असणार! ती दहा मिनिटांनी इस्त्री घेऊन आली. "तापवून बघितली, गार करून बघितली. इस्त्रीत किल्ली कशी राहील रे?"

"इट्स नॉट इन द प्रेस, बाबा," रेवा वरून ओरडली. "कॅन आय गो नाऊ?"

गुरुवारी मी व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. मेघना आत आली, शिंकली आणि परत गेली. मग सोफा उलटा केला. पिठाचा डबा चाळला. (किल्ली पिठात का असेल, असं विचारू नका. दुसऱ्या दिवशी माणूस कारणं विचारत नाही.) आई बिचारी माझ्याबरोबरीनं शोधत होती. सत्तरीची बाई पलंगाखाली टॉर्च घेऊन सरपटली! शेवटी कमरेवर हात ठेवून तिनं जाहीर केलं, "किल्ली घावली तर गणपतीला एकवीस मोदक." आणि त्या संध्याकाळी तिनं देवापुढे एकाच्या जागी तीन अगरबत्त्या लावल्या.

मी तसा फारसा देवभोळा नाही. पण आई आल्यापासून अंघोळ झाली की देवघरासमोर हात जोडायची सवय लागली होती. शुक्रवारी सकाळी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. डोळे घट्ट मिटले आणि म्हणालो, देवा, तूच दाखव बाबा आता.

देवानं काही दाखवलं नाही. दारावर टकटक झाली, ती डेक्लनची.

"ऐकलं तुझी की हरवलीये," तो म्हणाला. (कुणी सांगितलं? कुत्रेवाल्या बाईनं. तिला कुणी सांगितलं? आमच्या रेवानं.) "काळजी करू नकोस. ट्रॅक्टरचं ऑइल आजच बदललंय. डॉक्टरबाईंना म्हणावं, साडेसातला तयार राहा."

"थँक्स, डेक्लन," मी म्हणालो. "गरज पडणार नाही."

"आह, शुअर. तरी मी सीट पुसून ठेवतो."

मागे मेघना तोंडावर हात ठेवून उभी होती. खरं सांगतो, मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं. नव्या गाडीचं राहू द्या, पण आपल्या बायकोला आपण एकदा तरी बर्फातून नीट पोचवावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यात कुणी दुसऱ्यानं सीट पुसून ठेवू नये!

शनिवारी बाराला मी पडलेल्या चेहऱ्यानं टायरवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "फोडा."

त्यानं छिन्नी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवली. त्याच्यानंही ते बघवेना बहुतेक. "तुला नक्की माहितेय ना, ती दिसते कशी?" त्यानं विचारलं.

"किल्लीसारखी," मी म्हणालो.

बाजूच्या गाडीतून त्यानं एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याएवढं पोलादी नळकांडं, एका टोकाला सहा कोन, दुसऱ्या टोकाला फुलासारखी खाच. किल्लीशी त्याचा काहीच संबंध नव्हता. मी फोटो काढून घरी पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"आई, मेघनाच्या फोनवर बघ. अशी दिसते ती किल्ली."

आईनं चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ धरला. "ही?"

"हो!"

"अरे, हे अगरबत्तीचं घर हाय!"

"काय?"

"दसऱ्याला तूच न्हाई का दिलंस? म्हणालास, आई, दुकानदार म्हणतोय, गाडीतली ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू, नीट ठेव. मग महत्त्वाची वस्तू माणूस कुठं ठेवतो? देवापाशी! तिथं ठेवली, तर भोक दिसलं. चार तांदूळ भरले, अगरबत्ती बसली ताठ. आणि तूच म्हणालास, 'वा आई, छान स्टँड मिळालं!'"

म्हणालो होतो. शब्दन्‌शब्द आठवलं.

"पण आई, मी तीन दिवस विचारतोय..."

"किल्ली विचारत होतास! नळकांडं म्हणाला असतास, तर त्याच घटकेला दिलं असतं. ह्याला किल्ली म्हणत्यात व्हय? किल्लीला दात असतात!" आणि मग, मी त्या क्षणी ऐकायला अजिबात उत्सुक नव्हतो ते: "काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

टायरवाल्यानं विचारलं, "सापडली?" मी म्हणालो, "सापडली. घरातल्या देवळात होती."

वीस मिनिटांत मी परत आलो. त्यानं ते नळकांडं हातात घेतलं, वास घेतला, उलटं आपटलं. आतून तांदळाचे दाणे, राख आणि थोडं कुंकू पडलं. दोन्ही लॅड्स जवळ सरकले. आता हसणार, असं वाटून मी तयारीत राहिलो. पण तो गंभीरपणे म्हणाला, "आशीर्वाद दिलेली आहे?"

"दीड महिना रोज. आईनं."

"ग्रँड. माझ्या मम्मीनं माझ्या डॅशबोर्डवर संत चिकटवलाय. काढायची हिंमत नाही माझी." आणि त्यानं वीस मिनिटांत चारी टायर बदलून दिले. गॅरेजभर चंदनाचा वास सुटला होता.

त्या संध्याकाळी नवस फेडला. "नवस मी बोलले, पण किल्ली तुझी. मोदक तू वळ," आईनं निकाल दिला. मी वळलेले मोदक मोमोसारखे दिसत होते. गणपतीनं तक्रार केली नाही.

रविवारी पहाटे उठून पडदा सारला. बर्फ होता! म्हणजे, पोह्यांवर खोबरं भुरभुरतात तेवढा होता, पण होता. मेघना शेजारी बसली आणि मी ताशी पंचवीसच्या वेगानं, छाती काढून निघालो. कोपऱ्यावर डेक्लन ट्रॅक्टर चालू ठेवून उभा होता. मी काच खाली करून त्याला डब्यातून चार मोदक दिले. इस्पितळाच्या दारात उतरताना मेघना म्हणाली, "घसरली नाही रे अजिबात." मला इतकं बरं वाटलं की परतीच्या वाटेवर मी उगाच गावाला दोन चकरा मारल्या. नऊ वाजेपर्यंत बर्फ वितळून पाऊस सुरू झाला. त्या हिवाळ्यात बर्फ पुन्हा पडला नाही.

घरी येऊन मी आईला नीट समजावलं, की प्रत्येक वस्तूची एक योग्य जागा असते. अवजारं देवघरात ठेवायची नसतात. ते नळकांडं मी स्वच्छ धुतलं, पुसलं आणि माझ्या हातानं एका अत्यंत सुरक्षित जागी ठेवलं. आईनं स्वयंपाकघरातून एक बटाटा आणला.

जानेवारीत आई कराडला गेली. मार्चमध्ये टायर बदलायची वेळ आली आणि मी ती सुरक्षित जागा शोधायला लागलो. आता जून आहे. बाहेर बावीस डिग्री आहे, लोक अर्ध्या चड्डीत फिरताहेत, आणि बर्फाचे टायर घुमवत जाणारा अख्ख्या नावनमध्ये मी एकटा आहे. आईला फोनवर विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "मी काय किल्ली बघितली न्हाई, बाबा."

अंघोळ झाली की मी अजूनही देवघरासमोर उभा राहतो आणि त्या बटाट्यापुढे हात जोडतो. फक्त आता डोळे उघडे ठेवतो.