सासूबाईंची लवंग

प्रिय मिहीर आणि सई,

फोनवर माझ्याकडून ऐकलेली ही गोष्ट तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितली असेलच, आणि तीही मीठमसाला लावून. म्हणून मीच लिहिते आहे. आधी एक सांगते... मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. भूत, भास, संकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही ठेवायची इच्छा नाही. वैताग त्याचाच आहे.

माझं नाक तुम्हाला माहीत आहे. डावा गाल जड, डावी नाकपुडी बंद, घशात सारखं काहीतरी उतरतंय. आणि वास... तो तर कधीच गेला होता. आपल्या घरापासून आरे-वारेचा समुद्र किती जवळ, पण मासळीची गाडी दारात उभी राहिली तरी मला पत्ता नसे. एक डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी. दुसरे म्हणाले इथली दमट हवा. तिसऱ्यांनी नाकाचा पडदा वाकडा ठरवला. अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. वाफ, ओव्याची पुरचुंडी, नाकात तूप... गावातल्या बायकांनी काही शिल्लक ठेवलं नाही.

मागच्या वेळी तुमच्याकडे येताना विमान उतरायला लागलं तेव्हा गालात सुरी फिरल्यासारखं दुखलं. त्यानंतर दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. सई फोनवर म्हणाली, "आजी, तू काय आता फक्त स्क्रीनवरच राहणार का?" ते मला लागलं.

आता तुमच्या पणजीबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. त्यांच्या गालात कायम एक लवंग असे. बोलायला तोंड उघडलं की आधी लवंग यायची, मग टोमणा. माझी डावीकडची वरची दाढ किडली तेव्हा त्या म्हणाल्या, "काढून टाक गो ती मेली." मी रूट कनाल करून वर टोपी बसवून घेतली. त्यावर म्हणाल्या, "मेलेली मुळं तोंडात सांभाळणारी तूच एक. शिकलेली ना." पुढे दाढ कधी दुखली नाही, म्हणून मी जिंकले असं मी धरून चालले होते.

त्या गेल्याला बरीच वर्षं झाली. दर भाद्रपदात पक्षाला त्यांच्यासाठी पान वाढतो आणि पानाशेजारी विडा ठेवतो, लवंग टोचून. या वर्षी विडा लावायला बसले, तर लवंगांचा डबा रिकामा. वास येत नसला की मसाल्यातलं काय संपलं ते कळतच नाही. आजोबांना दुकानात पाठवलं असतं तर जेवायला संध्याकाळ झाली असती. मी विड्याला टूथपिक टोचली. आजोबांनी ते बघितलं.

दुपारी जेवणं आटोपून मी मागच्या पडवीत खुर्चीवर बसले होते... आणि लवंगेचा वास आला. मला. लख्ख, डाव्या बाजूने, कुणीतरी कानाशी वाकून बोलावं तसा. मी हललेच नाही. मोरीत भांडी घासणारी सुनंदा तेवढ्यात म्हणाली, "काकू, लवंगा कुटल्यात काय वो? केवढा वास सुटलाय."

"घरात लवंग नाहीये," मी म्हटलं.

"मग येतोय कुठून? तुमच्याच खुर्चीकडून येतोय."

जरा वेळाने तो गेला. माझी जीभ मात्र आपोआप त्या दाढेवर गेली आणि तिथून हलेना.

पुढच्या तपासणीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मी विचारलं, "हे दाढेमुळे असू शकेल का?" ते पडद्याच्या ऑपरेशनची तारीख बघत होते. थांबले, दुर्बीण घालून पुन्हा पाहिलं आणि सीटी स्कॅन लिहून दिला. स्कॅनमध्ये उजवीकडचं सायनस स्वच्छ काळं आणि डावीकडचं भरलेलं, त्याच दाढेच्या मुळांवर. नस आधीच काढलेली, म्हणून दाढ दुखली नाही, पण मुळाशी वर्षानुवर्षं पू साचत होता. डॉक्टर म्हणाले, "त्रास एकाच बाजूला असेल तर दात बघायलाच हवेत." मग इतकी वर्षं कुणी का बघितले नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी दातांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली.

दाढ काढली, दुर्बिणीतून सायनस साफ केलं. मिठाच्या पाण्याने रोज नाक धुते. हळूहळू वास परत आला, पहिला फिनेलचा. गाल हलका आहे. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आणि तिकीट काढलं आहे. हे रद्द होणार नाही.

आता राहिली लवंग. डॉक्टर म्हणाले, नाक बंद असलं की मेंदू कधी कधी नसलेले वास तयार करतो. ठीक आहे. पण सुनंदाचा मेंदू? "त्यांना शेजारून आला असेल," म्हणाले. आमचं शेजारचं घर मे महिन्याशिवाय उघडत नाही, माणसं मुंबईला असतात. दाढेतल्या जुन्या औषधाला लवंगेचा वास असतो, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग तो त्याच दुपारी का, आणि मोरीपर्यंत कसा? मी प्रश्न विचारायला लागले की सगळे घड्याळ बघतात.

परवा मी आजोबांवरच चिडले. "तुमच्या आईंना एवढं दिसत होतं, तर माझी इतकी वर्षं कशाला फुकट घालवली? आधीच का नाही आल्या?"

आजोबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दर वर्षी तिला लवंग मिळत होती. तक्रारीला जागाच नव्हती."

हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. दुसरं माझ्याकडे नाही. डबा मात्र आता काठोकाठ भरून ठेवला आहे, आणि मधूनच उघडून वास घेते. लवंगेचाच असतो. पण त्या दुपारचा तो नव्हे.

तुमची,
आजी